सतराव्या वर्षीचा चेहरा

अमेरिकेतल्या बारावीच्या मुलींचे फोटो काढताना जे काळं मखमली कापड वापरतात, त्याला पाठ नसते. समोरून ते खांद्यांवरून उतरत्या गळ्याच्या उंची पोशाखासारखं दिसतं. मागे मात्र नुसतं इलॅस्टिक आणि चिमटे. मुलगी घरून टी-शर्ट घालून आलेली असते. पडद्याआड जायचं, बाह्या दंडावरून खाली सरकवायच्या, कापड छातीशी धरायचं. स्टुडिओची मदतनीस मागून चिमटे लावते, गळ्यात खोट्या मोत्यांची माळ घालते आणि कॅमेऱ्यासमोर पाठवते. मुलांच्या टक्सिडोचीही तीच तऱ्हा. पांढऱ्या शर्टाची फक्त छाती, त्यावर शिवलेला बो आणि पाठीत उभा उघडा ठेवलेला कोट, समोरून हात घालून चढवायचा. खाली जीन्स असते, नाहीतर फुटबॉलच्या सरावाची मळकी चड्डी. कॅमेरा छातीच्या खाली पाहत नाही. हनुवटी जरा खाली, डावा खांदा पुढे, इकडे बघ, हस, झालं. लगेच पुढचीच्या नावाचा पुकारा होतो आणि तेच कापड तिच्या अंगावर चढतं.

या कापडाला सगळे 'ड्रेप' म्हणतात. अमेरिकेतल्या असंख्य हायस्कुलांच्या इयरबुकमध्ये, म्हणजे शाळेच्या वार्षिकांकात, शेवटच्या वर्षाच्या मुलांची पानं उघडली की हे कापड दिसतं. आडनावांच्या अनुक्रमाने लावलेल्या ओळी, सगळ्यांची डोकी एकाच मापाची, मागचा पडदा एकच. मुलींना तो ड्रेप मनापासून नकोसा असतो. दुसरीच्या घामाचा वास येतो, सतरा वर्षांच्या मुली चाळिशीतल्या दिसतात, असं त्या म्हणतात. त्यांचं म्हणणं खरं आहे. तरी मला या कापडाबद्दल फार माया वाटते. दातांच्या डॉक्टरची लेक आणि त्याच दवाखान्यात रात्री फरशी पुसणाऱ्या बाईची लेक या पानावर शेजारीशेजारी येतात आणि कपड्यांवरून कुणाची कोण हे ओळखता येत नाही.

तिकडची हायस्कूल चार वर्षांची. नववी ते बारावी. शेवटच्या वर्षाला 'सीनिअर इयर' म्हणतात आणि त्याचा मान मोठा. वर्गाची अंगठी, प्रॉमचा नाच, शेवटचे सामने, टोपी-झग्यातला पदवीदान समारंभ, अशा विधींची वर्षभर रांग असते. तिची सुरुवात फोटोपासून होते. तीही शाळा सुरू होण्याआधी, उन्हाळ्याच्या सुट्टीतच, कारण इयरबुकची पानं शरद ऋतूतच छापखान्याकडे जायला लागतात. आपल्याकडे दहावीच्या निरोप समारंभाला पूर्ण वर्गाचा एक फोटो निघायचा. पुढे खुर्च्यांवर मुख्याध्यापक आणि शिक्षक, मागे बाकांवर चढलेली मुलं, मधोमध तुकडीची पाटी. त्यात आपला चेहरा शोधायला बोट फिरवावं लागतं. अमेरिकेने मात्र पहिल्यापासून प्रत्येकाचा वेगळा चेहरा टिपायचा आग्रह धरला, आणि त्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

कॅमेरा येण्याआधीच ही हौस सुरू झाली होती. १८०६ साली येल कॉलेजातून बाहेर पडलेल्या काही विद्यार्थ्यांनी एक पुस्तक करून घेतलं. त्यात प्रत्येकाच्या चेहऱ्याची बाजूने काढलेली काळी छायाकृती होती, एवढंच. पुढे १८४०मध्ये येलच्याच १८१०च्या तुकडीचे लोक तीस वर्षांनी एकत्र जमले, तेव्हा त्यांच्यातल्याच एकाने त्यांचं डॅगेरोटाइप छायाचित्र घेतलं. तो तारायंत्रवाला सॅम्युअल मोर्स. डॅगेरोटाइपची अडचण अशी, की चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर एकच प्रतिमा उमटायची. तिची दुसरी प्रत निघत नसे. चेहरा एकाच्याच घरी राहायचा.

ही अडचण काचेच्या निगेटिव्हने सोडवली आणि तिचा व्यवसाय केला मॅसॅच्युसेट्समधल्या जॉर्ज के. वॉरनने. १८५०च्या दशकाच्या अखेरीपासून तो हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, डार्टमथ अशा कॉलेजांत जाऊन शेवटच्या वर्षाच्या एकेका विद्यार्थ्याचा फोटो काढू लागला. एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या कागदी प्रती निघत. मुलं स्वतःच्या फोटोसोबत मित्रांचे, प्राध्यापकांचे, कॉलेजच्या इमारतींचे फोटो विकत घेत आणि आपापल्या आवडीने चामडी बांधणीच्या अल्बममध्ये लावून घेत. फोटोंची अदलाबदल करायची, त्यावर सही घ्यायची, ही सारी रीत तिथली. या तुकड्यांतली कितीतरी मुलं थोड्याच वर्षांत यादवी युद्धात गेली. काही एका बाजूने लढली, काही दुसऱ्या. अल्बममध्ये ती अजून शेजारीशेजारी आहेत.

पण तेव्हा हे श्रीमंतांच्या मुलांचं सुख होतं. ते सगळ्यांच्या घरात पोचलं ते हायस्कूल सगळ्यांच्या वाट्याला आलं तेव्हा. १९१० साली अमेरिकेतल्या त्या वयाच्या शंभर मुलांपैकी जेमतेम नऊ जण हायस्कूल पूर्ण करत. १९४०पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर गेलं. अवघ्या तीस वर्षांत. खाणीत, शेतात, कापडगिरणीत राबलेल्या आईबापांच्या घरात पहिल्यांदा कुणीतरी 'ग्रॅज्युएट' झालं होतं, आणि त्याची खूण म्हणून भिंतीवर चौकट लागली. तिकडच्या जुन्या घरांमध्ये जिन्याच्या कडेच्या भिंतीवर मुलांचे सीनिअर फोटो ओळीने लावलेले दिसतात. त्यात दिखाऊपणा आहे असं मला कधी वाटलं नाही. आपल्याकडे पदवीचा झगा घालून, हातात गुंडाळी घेऊन काढलेला फोटो बैठकीत लावणाऱ्या बापाला जे वाटायचं, तेच तिथे वाटतं.

जिथे एवढी ओढ असते तिथे धंदा उभा राहतोच. मिनेसोटातल्या ओवाटोना गावी १८९७ साली ऑटो जोस्टेन या माणसाने घड्याळं आणि दागिन्यांचं दुकान काढलं. त्याचीच पुढे वर्गाच्या अंगठ्या आणि इयरबुकं करणारी 'जोस्टेन्स' कंपनी झाली. १९३६ साली मिनेसोटातच 'नॅशनल स्कूल स्टुडिओज' सुरू झाली. तीच आजची 'लाइफटच'. २०१८मध्ये 'शटरफ्लाय'ने ती ८२ कोटी ५० लाख डॉलरला विकत घेतली. शाळेतल्या फोटोचं मोल काय, हे या आकड्यावरून कळावं.

व्यवहार असा चालतो. शाळा एका स्टुडिओशी करार करते. इयरबुकमध्ये सीनिअरचा फोटो छापायचा तो त्याच स्टुडिओने काढलेला असावा, अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. बदल्यात स्टुडिओ शाळेला विक्रीतला वाटा देतो, किंवा ओळखपत्रांचे, खेळांचे, समारंभांचे फोटो फुकट काढून देतो. स्टुडिओची कमाई आईवडिलांच्या खिशातून होते. घरी नमुने येतात, त्यावर आडवा शिक्का मारलेला असतो, आणि मग यादी: भिंतीवरचा मोठा, टेबलावरचा मध्यम, पाकिटात मावणारे छोटे डझनावारी, डाग काढायचे वेगळे, दात पांढरे करायचे वेगळे. फोटोचा हक्क कायद्याने काढणाऱ्याकडे राहतो, म्हणून दुकानात नेऊन प्रत काढू म्हटलं तर दुकानदार नाही म्हणतो. आपल्याच लेकीच्या फोटोला दुसऱ्याची परवानगी कशाला, हा प्रश्न भारतातून गेलेल्या प्रत्येक आईला पडतो.

ज्यांना परवडतं ते या ड्रेपच्या फोटोवर थांबत नाहीत. ते स्वतःचा छायाचित्रकार गाठतात. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत, मिनेसोटा, आयोवा, नेब्रास्का, विस्कॉन्सिन या शेतीच्या राज्यांत, हा प्रकार फार वाढला. तिथल्या लहान गावांतले स्टुडिओ लग्नांइतकेच सीनिअरच्या कामावर जगतात.

मिनेसोटातल्या अशा एका छायाचित्रकार बाईंबरोबर मी ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी होते. मका डोक्याच्या वर गेलेला, सूर्य मावळायला तासभर होता. त्यांचा सारा धंदा या एका तासावर चालतो. दुपारचं ऊन डोळ्यांच्या खोबणीत काळोख करतं, उतरतं ऊन चेहऱ्याला कडेने गोंजारतं. मुलगा दूधवाल्या शेतकऱ्याचा. त्याला फोटो हवा होता त्याने स्वतः वाढवलेल्या कालवडीबरोबर, आणि अंगात 'एफएफए'चं निळं जाकीट घालून. शाळकरी शेतकऱ्यांची ही संघटना १९२८ साली कॅन्सस सिटीत स्थापन झाली आणि १९३३मध्ये तिने हे जाड कॉर्डरॉयचं जाकीट स्वीकारलं. पाठीवर राज्याचं आणि शाखेचं नाव, छातीवर उजवीकडे मुलाचं स्वतःचं नाव, सोनेरी धाग्यात. नियमाने चेन गळ्यापर्यंत लावायची. उकाड्याने मुलाने ती छातीपर्यंत उघडली होती. त्याची आई कुंपणापाशी उभी होती. ती काही न बोलता आत आली, चेन वर ओढली आणि पुन्हा कुंपणापाशी गेली.

बाईंनी कॅमेरा डोळ्याला लावायची घाई केली नाही. ८५ मिलिमीटरची लेन्स, हाताखालच्या पोराच्या हातात पांढरा रिफ्लेक्टर, आणि गप्पा. कालवडीचं नाव काय, ती कधी जन्मली, प्रदर्शनात कितवी आली. मुलगा खांदे आवळून उभा होता. कालवडीने बाहीला तोंड लावलं तसा तो तिच्याकडे वळून रागावला, आणि रागावताना त्याचा चेहरा सुटला. शटरचे चार-पाच आवाज झाले. नंतर बाई मला म्हणाल्या, "या वयाची मुलं दिवसातून शंभरदा स्वतःचा फोटो काढतात, पण त्यांच्याकडे दुसरं कुणी तासभर शांतपणे बघत बसत नाही." मला वाटतं या व्यवसायातलं विकत घेण्यासारखं काही असेल तर ते हेच. फोनमध्ये मूल स्वतःला बघून स्वतःला दुरुस्त करत राहतं. इथे ते काम दुसऱ्या माणसाच्या नजरेवर सोडावं लागतं, आणि सतरा वर्षांच्या मुलाला ते आधी जड जातं.

दुरुस्तीबद्दल त्यांचा एक नियम आहे. पंधरा दिवसांत आपोआप जाणारं असेल ते पुसायचं. मुरूम, खरचटलेलं, डासाने चावलेलं. तीळ, व्रण, दातांतली फट यांना मुलाने स्वतः सांगितल्याखेरीज हात लावायचा नाही. आईने सांगितलं तरी नाही. आईचा मुद्दा त्या ऐकून घेतात आणि मग मुलाला बाजूला नेऊन विचारतात.

हे फोटो मग वसंतात बाहेर येतात. त्या भागात मे-जूनमध्ये शनिवार-रविवारी घराघरांत 'ओपन हाउस' असतं. गॅरेज धुऊन काढायचं, लांब टेबलं मांडायची, आणि मोठ्या फलकांवर पाळण्यातल्या फोटोपासून सीनिअरच्या फोटोपर्यंत मुलाचं आयुष्य चिकटवायचं. गावातले लोक एकाच दुपारी चार-पाच गॅरेजांतून जेवून येतात. २०२०च्या वसंतात कोविडमुळे हे सगळं थांबलं तेव्हा अमेरिकेतल्या गावोगावी लोकांनी सीनिअर मुलांचे फोटो कापडावर मोठे छापून दिव्यांच्या खांबांवर चढवले, अंगणात रोवले. समारंभ नव्हता, टोपी हवेत उडवायला मैदान नव्हतं. फोटो तेवढा हातात होता.

शंभर-सव्वाशे वर्षांचे हे फोटो एकत्र केले तर काय दिसतं? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संगणकशास्त्रज्ञांनी २०१५मध्ये ते करून पाहिलं. शिरी गिनोसार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०५ ते २०१३ या काळातल्या इयरबुकांमधून समोर पाहणारे ३७,९२१ चेहरे गोळा केले, दर दशकातले चेहरे एकावर एक ठेवून सरासरी काढली आणि ओठांच्या कडा किती वर वळतात ते मोजलं. सुरुवातीच्या दशकांत ओठ मिटलेले आहेत. नंतर दशकामागून दशक हसू वाढत जातं, आणि प्रत्येक काळात मुली मुलांपेक्षा जास्त हसतात. जुनी मुलं दुःखी होती असा याचा अर्थ नाही. चित्रकारासमोर बसावं तसं गंभीर बसायची रीत होती. कॅमेरा हे आनंद साठवायचं यंत्र आहे असं कोडॅकच्या जाहिरातींनी लोकांना पुढे शिकवलं. मात्र मुलींनी जास्त हसायचं हा नियम कुणीही न सांगता शंभर वर्षं पाळला गेला, हे मला अस्वस्थ करतं. "जरा हस ना" हे वाक्य स्टुडिओत कुणाला जास्त ऐकू येतं, ते कुठल्याही मुलीला विचारावं.

हसण्यापेक्षा खोलवरची गोष्ट रंगाची. न्यू जर्सीतल्या एका मराठी घरी मी इयरबुकच्या फोटोचे नमुने पाहत होते. स्टुडिओचा प्रकाश सगळ्यांसाठी एकच ठरवलेला असतो. रांग मोठी, प्रत्येकासाठी दिवे हलवायला वेळ नसतो. घरातल्या लेकीचा रंग सावळा. 'मूलभूत दुरुस्ती'च्या नावाखाली फोटो परत आला तो दोन छटा उजळ होऊन. आई बघून खूश झाली. "किती छान उजळ आलाय गं!" मुलगी नमुना उलटा ठेवून म्हणाली, "आई, हा माझा रंग नाहीये. माझ्या नावाखाली दुसऱ्या कुणाचा तरी चेहरा छापणारेत." आईने आधी समजूत घातली, मग गप्प बसली. आमच्या पिढीला गावच्या स्टुडिओत "जरा गोरा करून द्या" सांगायची सवय होती, फोटोवालाही बारीक पेन्सिलने निगेटिव्हवर काम करून तसं द्यायचा. मुलीने स्टुडिओला पत्र लिहिलं. तिला न सुधारलेला फोटो छापून हवा होता, आणि तो तिने मिळवला.

तिचं भांडण जुनं आहे, तिला ते माहीत नसलं तरी. रंगीत फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळांना रंग बरोबर आलाय की नाही हे ताडून पाहायला कोडॅक एक नमुन्याचा फोटो पाठवत असे. त्यावर गोरी बाई. अशा पहिल्या मॉडेलच्या नावावरून या कार्डांना 'शर्ली कार्ड' म्हणत. शर्लीची त्वचा नीट आली की यंत्र नीट लागलं असं ठरायचं. गोरी आणि काळी मुलं एका शाळेत बसू लागली तेव्हा एका चौकटीतल्या फोटोत काळ्या मुलांचे नुसते डोळे आणि दात दिसायचे. कॅनडातल्या अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी या साऱ्याचा शोध घेतला आहे. त्यांना आढळलं, की कोडॅकने तपकिरी छटांसाठी फिल्म सुधारायला घेतली ती लाकडी सामान आणि चॉकलेट बनवणाऱ्या कंपन्यांनी तक्रार केल्यावर. जाहिरातीत फिकट लाकूड आणि गडद लाकूड वेगळं ओळखू येत नव्हतं. वेगवेगळ्या वर्णाच्या स्त्रियांना एकत्र घेतलेलं कार्ड १९९०च्या दशकात निघालं. तोवर कित्येक तुकड्या अंधुक चेहऱ्यांनिशी शाळेबाहेर पडून गेल्या होत्या.

आज मराठी घरांतल्या मुली या फोटोंसाठी जीन्स, कॉलेजच्या नावाचा टी-शर्ट आणि एखादी पैठणी, असे तीन पोशाख घेऊन जातात. पैठणीचे काठ उन्हात चमकतात आणि कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो. चेहऱ्यावर मोजायचं की जरीवर, हे छायाचित्रकाराला कळावं लागतं. न्यू जर्सीतल्या एडिसन गावाच्या बाजूला आता भारतीय छायाचित्रकारही या कामात आहेत. मेमध्ये आजी-आजोबा व्हिसा काढून समारंभाला येतात आणि परत जाताना पाकिटाच्या आकाराचे फोटो नातेवाइकांना वाटायला घेऊन जातात.

या सगळ्याला पोरखेळ म्हणणाऱ्यांना मी मांझानारची गोष्ट सांगते. दुसऱ्या महायुद्धात पर्ल हार्बरनंतर, फेब्रुवारी १९४२मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा हुकूम काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरांतून उठवून छावण्यांत कोंडलं. त्यात बहुतेक जण जन्माने अमेरिकन नागरिक होते. कॅलिफोर्नियाच्या ओवेन्स खोऱ्यातली मांझानार ही त्यातली एक छावणी. तारेचं कुंपण, पहाऱ्याचे मनोरे, बराकी, आणि दहा हजारांवर माणसं. कोंडलेल्यांना कॅमेरा बाळगायला बंदी होती. लॉस एंजलिसच्या लिटल टोकियोत स्टुडिओ चालवणारे टोयो मियाताके यांनी सामानात एक लेन्स आणि फिल्म धरायचा सांगाडा लपवून आणला. छावणीतल्या सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली. बघणाऱ्याला ती जेवणाचा डबा वाटावी. गुपित फुटल्यावर छावणीच्या संचालकांनी त्यांना फोटो काढू दिले, पण सुरुवातीला अट अशी, की कॅमेरा मियाताके यांनी लावायचा आणि बटण गोऱ्या कर्मचाऱ्याने दाबायचं.

त्या छावणीत हायस्कूल होतं. १९४४ साली तिथल्या मुलांनी इयरबुक काढलं, 'अवर वर्ल्ड' नावाचं. सीनिअर मुलांचे ओळीने फोटो, मियाताके यांच्या स्टुडिओचे. नाटक मंडळ, खेळ, वर्गाचे पदाधिकारी, सारं इतर कुठल्याही अमेरिकन शाळेच्या इयरबुकासारखं. केस नीट वळवलेले, टाय सरळ. ज्या सरकारने त्यांना कुटुंब क्रमांक देऊन आणलं, त्याच्या कुंपणाच्या आत या मुलांनी स्वतःची नावं आणि चेहरे अनुक्रमाने मांडले. शाळा पूर्ण केलेल्या मुलाचा चेहरा नोंदला गेला पाहिजे, तो कुठेही, कुणाच्याही मर्जीवर असला तरी, हे या पुस्तकात जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

म्हणूनच शाळा जेव्हा चेहरा नाकारते तेव्हा लोक कोर्टात जातात, आणि ते योग्यच करतात. मिसिसिपीत एका मुलीने ड्रेपऐवजी टक्सिडो घालून फोटो काढला. शाळेने तो नाकारला, आणि २०१०च्या इयरबुकमधल्या सीनिअरच्या पानांवर तिचा फोटो नव्हता, नावही नव्हतं. प्रकरण संघराज्याच्या न्यायालयात गेलं. २०११मध्ये तडजोड झाली, आणि यापुढे मुलगे-मुली सगळे टोपी-झग्यातच फोटो काढतील असं ठरलं. तोडगा मला पटला. र्‍होड आयलंडमध्ये मध्ययुगीन वेशभूषेच्या छंदापायी साखळीचं चिलखत आणि खांद्यावर तलवार घेतलेला एका मुलाचा फोटो शाळेने शस्त्र म्हणून नाकारला. राज्याच्या शिक्षण खात्याने २००७मध्ये मुलाच्या बाजूने निकाल दिला. फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स काउंटीत २०२१ साली एका हायस्कूलने मुलींना न विचारता ८० फोटोंमध्ये संगणकावर छातीवरचा गळा बुजवला. ८०च्या ८० मुली. त्याच पुस्तकात पोहण्याच्या संघातल्या मुलांचे तोकड्या चड्डीतले फोटो जसेच्या तसे होते. काही मुलींच्या गळ्याखाली चिकटवलेला रंगीत चौकोन स्पष्ट ओळखू येत होता. त्या मुलींना पुस्तकाचे पैसे परत देऊ केले. ज्या वर्षाची आठवण म्हणून ते पुस्तक, ते वर्ष परत देता येत नाही.

हे फोटो ज्यासाठी काढले त्याहून वेगळ्या कामीही येतात. वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम स्मारकाच्या काळ्या दगडावर मृतांची फक्त नावं कोरली आहेत. त्या स्मारकाच्या निधीने प्रत्येक नावाला एक फोटो शोधायचं काम हाती घेतलं. स्वयंसेवक वाचनालयांत, जुन्या वर्तमानपत्रांत, शाळांच्या कपाटांत शोधत राहिले, आणि २०२२मध्ये ५८,२८१ नावांपैकी प्रत्येकाचा निदान एक फोटो हाती आला. त्यातले पुष्कळ हायस्कूलच्या इयरबुकातले. अनेक घरांत गणवेशातला फोटोच नव्हता. शाळा सुटल्यावर वर्ष-दोन वर्षांत पोरगा गेला होता. कुठल्या तरी गावात मुलांना रांगेत उभं करून, एकच कोट सगळ्यांच्या अंगावर चढवून, दोन मिनिटांत काढलेला फोटो देशाकडे त्या माणसाचा एकमेव चेहरा म्हणून राहिला. तो मुलगा त्या दिवशी सुट्टीवर असता, किंवा फोटोचं शुल्क नाही म्हणून घरी थांबला असता, तर तेही नसतं.

म्हणून मला कालवडीच्या फोटोइतकीच, किंबहुना जास्त, काळजी ड्रेपच्या फोटोची वाटते. मका, सोनेरी ऊन, तीन पोशाख यांचा खर्च काहीशे डॉलरांपासून सुरू होतो आणि सहज हजाराच्या पुढे जातो. ती ज्याची त्याची ऐपत. पण इयरबुकातला चौकोन हा हप्त्याने घ्यायचा माल नव्हे. पुष्कळ स्टुडिओ फक्त इयरबुकपुरता फोटो फुकट काढतात, हे खरं. मात्र ते घरी पाठवलेल्या रंगीत पत्रकात तळाशी बारीक अक्षरात असतं, इंग्रजीत, आणि ठरलेली वेळ उन्हाळ्यातल्या एखाद्या कामाच्या दिवशी दुपारची, गाडीने अर्ध्या तासावरच्या स्टुडिओत. ज्याची आई दोन नोकऱ्या करते तो पोरगा तिथे कसा पोचणार? अशांची नावं मग विभागाच्या शेवटी एका यादीत येतात, 'फोटो नाही' म्हणून. काही शाळा त्यांना कॅमेऱ्याला लाजणारे म्हणतात, ते तर साफ खोटं आहे.

ही यादी कमी करायचं काम मुलंच करतात, हे मी पेनसिल्व्हेनियातल्या एका शाळेत पाहिलं. तिथे इयरबुक हा रीतसर विषय आहे, त्याला वर्ग आणि शिक्षिका आहेत. ऑक्टोबरात राहिलेल्यांसाठी एक दिवस ठेवतात. संपादक मुलगी हातात यादी घेऊन डबे खायच्या हॉलमध्ये टेबलाटेबलावर फिरत होती. गोदामात रात्रपाळी करणारा एक मुलगा पहिल्या दोन तासांना कधीच नसे, हे तिला ठाऊक होतं. त्याला तिने मधल्या सुट्टीत गाठलं. स्टुडिओचा माणूस निघून गेला होता. मुलाला वाचनालयात नेलं, खिडकीशेजारच्या साध्या भिंतीपुढे उभं केलं, आणि शाळेच्या कॅमेऱ्याने फोटो काढला. कोट कुणाच्या तरी मित्राचा, बाह्या आखूड. डोकं इतरांच्या मापाचं यावं म्हणून तिने संगणकावर बराच वेळ खटपट केली. बाजूला ठेवलेल्या चौकोनाशी पट्टी लावून पाहिलं, शिक्षिकेला बोलावून दाखवलं, पुन्हा केलं.

पानं छापखान्याला गेली तेव्हा यादीत दोन नावं उरली होती. एकाचं कुटुंब दुसऱ्या राज्यात निघून गेलं होतं. दुसऱ्या मुलीला फोटो नकोच होता, आणि कारण सांगायचं नव्हतं. संपादक मुलीने तिला एकदा विचारलं, आग्रह केला नाही, आणि तिच्या आडनावातली मात्रा कुठे येते तेवढं विचारून घेऊन नाव छापायला पाठवलं.